विश्लेषण : येरमाळ्यातल्या एका घराचे दोन डिजिपिन होऊ शकतात का? वेगवेगळ्या भाषांतल्या कोडला एकच गणित का हवं

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरी देवीची यात्रा भरते. चुनखडी वेचायला राज्यभरातून भाविक येतात आणि नारळ-प्रसादाच्या दुकानांसमोर रांगा लागतात. अलीकडे या दुकानांवर क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकलेला असतो. गिऱ्हाईक कोणत्याही कंपनीचं ॲप उघडो, रक्कम टाकल्यावर पिन मागणारा पडदा मात्र सगळ्यांकडे जवळपास सारखाच दिसतो.

हा योगायोग नाही. तो पडदा त्या ॲपचा नसतोच. २०१६ मध्ये यूपीआय सुरू करताना मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने, पिन घेण्याचं काम स्वतःच्या 'कॉमन लायब्ररी'कडे ठेवलं. बँका आणि पेमेंट कंपन्या आपल्या ॲपमध्ये हा तयार कोड बसवतात. पिन तिथेच टाकला जातो, तिथेच कुलूपबंद होतो आणि ज्या ॲपमधून पैसे जातात त्या ॲपलाही तो दिसत नाही.

आता पत्त्याच्या बाबतीत असाच प्रश्न उभा आहे. टपाल खात्याने देशातल्या प्रत्येक जागेला 'डिजिपिन' नावाचा दहा खुणांचा क्रमांक दिला आहे. तो काढण्याचं सूत्र जाहीर आहे आणि खात्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. पण तो जावास्क्रिप्टमध्ये आहे. बँकेची यंत्रणा जावामध्ये, कुरिअर कंपनीची पायथनमध्ये, फोनवरचं ॲप कोटलिन किंवा स्विफ्टमध्ये आणि गाडीतला ट्रॅकर सी भाषेत चालत असेल, तर तेच गणित प्रत्येकाला आपापल्या भाषेत पुन्हा लिहावं लागतं. सगळ्यांचं उत्तर एकच येईल याची खात्री कोण देणार?

डिजिपिन काढतात कसा?

आपला सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. संस्कृतचे पंडित म्हणूनही ते ओळखले जात. पण पिन कोड एखाद्या टपाल कार्यालयाच्या हद्दीपर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. गावठाणातलं घर पोस्टमनला माहीत असतं. शेतातल्या वस्तीचा पत्ता मात्र 'पाझर तलावाच्या पलीकडे, लिंबाच्या झाडाजवळ' अशा खुणांवरच चालतो.

ही पोकळी भरण्यासाठी टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने डिजिपिन तयार केला. जुलै २०२४ मध्ये चाचणी आवृत्ती सूचनांसाठी खुली झाली आणि २७ मे २०२५ रोजी 'नो युवर डिजिपिन' हे संकेतस्थळ सुरू झालं.

सूत्र सोपं आहे. भारतावर एक मोठा चौकोन ठेवायचा: अक्षांश २.५ ते ३८.५, रेखांश ६३.५ ते ९९.५. दोन्ही बाजू ३६ अंशांच्या. त्याचे चार गुणिले चार असे सोळा भाग करायचे आणि प्रत्येकाला एक खूण द्यायची. वरच्या ओळीत एफ, सी, ९, ८. तिच्याखाली जे, ३, २, ७. मग के, ४, ५, ६ आणि तळाला एल, एम, पी, टी. (या खुणा मुळात रोमन अक्षरं आणि अंक आहेत, इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.) आपली जागा ज्या भागात पडते त्याची खूण लिहायची, त्या भागाचे पुन्हा सोळा भाग करायचे आणि हे दहा वेळा करायचं. शेवटचा चौकोन साधारण चार मीटरचा उरतो. असे जवळपास १ लाख १० हजार कोटी चौकोन होतात.

येरमाळा साधारण १८.३८ अक्षांश आणि ७५.८७ रेखांशाच्या आसपास आहे. पहिल्या फेरीत '४' येतो, दुसऱ्या फेरीत 'सी'. पिन कोडमध्येही महाराष्ट्राचा पहिला अंक ४ आहे, पण या दोन चारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डिजिपिनला जिल्हा आणि तालुका कळतच नाही. १८.२५ अक्षांशाची रेषा येरमाळा आणि धाराशिव शहर यांच्या मधून जाते, त्यामुळे येरमाळ्याचा क्रमांक '४सी'ने सुरू होतो तर जिल्ह्याच्या शहराचा '४३'ने. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा शेकडो नोंदींत नाव बदलावं लागलं. डिजिपिनमध्ये नावच नसल्यामुळे त्याला असल्या बदलाने काही फरक पडत नाही.

७५.८७५ची रेषा

खरी गंमत तिसऱ्या फेरीत आहे. या फेरीची एक उभी रेषा बरोबर ७५.८७५ रेखांशावर येते, म्हणजे येरमाळ्याच्या शिवाराच्या अगदी जवळून. रेषेच्या पश्चिमेला तिसरी खूण 'एम' आणि पूर्वेला 'पी'.

रेषेला खेटून असलेले, एकमेकांना चिकटलेले दोन चौकोन घेऊ. अक्षांश दोघांचा १८.३८. सूत्र लावलं की पश्चिमेच्या चौकोनाचा डिजिपिन येतो ४सीएम-टी८७-८टी७७ आणि पूर्वेच्या चौकोनाचा ४सीपी-एलएफजे-एफएलजेजे. दोन चौकोनांच्या मध्यांत चार मीटरचंही अंतर नाही, पण दहापैकी आठ खुणा वेगळ्या आहेत. एखाद्या लांबट घराची ओसरी एका चौकोनात आणि मागचं दार दुसऱ्यात असू शकतं.

सूत्राची ही चूक नाही. चौकोनी जाळी टाकली की असं कुठे ना कुठे होणारच. पण याच ठिकाणी कोडची परीक्षा होते. बिंदू बरोबर रेषेवर पडला तर तो कोणाचा? खात्याच्या कोडमध्ये अपूर्णांक खाली उतरवला जातो, त्यामुळे उभ्या रेषेवरचा बिंदू उजवीकडच्या चौकोनाला आणि आडव्या रेषेवरचा वरच्या चौकोनाला मिळतो. दुसऱ्या कुणी आपल्या भाषेत लिहिताना 'लहान' ऐवजी 'लहान किंवा समान' अशी खूण वापरली, तर तोच बिंदू शेजाऱ्याकडे जातो. फरक एका चिन्हाचा, आणि तो मुंबई-पुण्यात बसून चाचणी करताना दिसणारही नाही.

भाषा बदलली की काय बदलतं?

सर्वांत मोठा धोका संख्या साठवण्याच्या पद्धतीत आहे. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या ६४ बिटांची असते. डिजिपिनच्या साऱ्या सीमारेषा अशा आहेत की ६४ बिटांत त्या तंतोतंत मावतात, काहीही गोल करावं लागत नाही. ज्यांनी ३६ अंशांचा चौकोन आणि चारने भागणं निवडलं, त्यांनी हे जाणून केलं असो वा नसो, निवड उत्तम झाली. त्यामुळे कोणत्याही भाषेत ६४ बिटांची संख्या वापरून सूत्र नीट लिहिलं तर उत्तर जुळतं.

पण जावा, सी, कोटलिन, स्विफ्ट अशा भाषांत ३२ बिटांचाही पर्याय असतो, आणि जागा वाचवण्यासाठी तो निवडला जातो. ७५ रेखांशाजवळ ३२ बिटांची संख्या सुमारे ०.०००००७६ अंशांच्या टप्प्यांनीच पुढे सरकते. येरमाळ्याच्या अक्षांशावर हा टप्पा साधारण ८० सेंटिमीटरचा होतो. म्हणजे ७५.८७५च्या रेषेपासून पश्चिमेला ३० सेंटिमीटरवर असलेला बिंदू ३२ बिटांत साठवताच रेषेवर जाऊन बसतो आणि त्याचा 'एम' जाऊन 'पी' होतो. छोट्या उपकरणांत हे न कळत घडतं. आर्डुइनो उनोसारख्या बोर्डवर कोडमध्ये 'डबल' असं लिहिलं तरी प्रत्यक्षात ३२ बिटांचीच संख्या मिळते.

भाषेची आवृत्ती बदलली तरीही गोंधळ होतो. पायथन २ मध्ये ९ला ४ने भागलं तर उत्तर २ येतं. पायथन ३ मध्ये २.२५. लिहिणाऱ्याने ३६ ही बाजू दशांश चिन्हाशिवाय लिहिली असेल, तर जुन्या आवृत्तीत दुसऱ्याच फेरीत सगळी जाळी विस्कटते. पायथन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२०ला संपला, पण जुन्या सर्व्हरवर तो अजून कुठे कुठे चालू असतो. २.५ गोल करायला सांगितलं तर पायथन २ आणि जावास्क्रिप्ट ३ देतात, पायथन ३ मात्र २ देतं, कारण ते बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतं. अक्षांश-रेखांश आधी पाच-सहा दशांशांपर्यंत गोल करून मग डिजिपिन काढणाऱ्यांना याची आठवण ठेवावी लागते.

आणि मराठी वापरणाऱ्यांना थेट भिडणारा एक फरक. फोनवर देवनागरी अंक टाकले तर? पायथन ३ला '४' हा चारच वाटतो. जावाचं पूर्णांक वाचणारं नेहमीचं फंक्शनही तो स्वीकारतं. जावास्क्रिप्टला तो अंकच वाटत नाही. म्हणजे एकाच माणसाने टाकलेला तोच मजकूर एका ॲपमध्ये चालेल आणि दुसऱ्यात 'अवैध' ठरेल.

एक चूक मात्र भारतात आपोआप पकडली जाते. नकाशांच्या काही पद्धतींत अक्षांश आधी लिहितात, काहींत रेखांश. जगभरचे प्रोग्रामर या अदलाबदलीने हैराण असतात. पण आपल्याकडे कुठेही रेखांश ६८च्या खाली जात नाही आणि डिजिपिनमध्ये अक्षांशाची कमाल मर्यादा ३८.५ आहे, त्यामुळे उलटसुलट टाकलं की आकडा हद्दीबाहेर पडतो. अट एकच, कोड लिहिणाऱ्याने हद्द तपासली पाहिजे. हद्दीबाहेरचा आकडा गुपचूप कडेला चिकटवून पुढे जाणारा कोड असेल तर वरवर खरा वाटणारा, पण संपूर्ण चुकीचा डिजिपिन हातात येतो.

फरक पडला तर बिघडतं काय?

रुग्णवाहिकेला यामुळे काही त्रास होणार नाही. शेजारचा चौकोन मिळाला तरी चालक त्याच अंगणात पोहोचेल. नुकसान होतं ते जिथे माणूस नसतो तिथे, म्हणजे यंत्र दोन नोंदी अक्षर-अक्षर जुळवतं तेव्हा. बँकेकडे एका घराचा '४सीएम' आणि गॅस वितरकाकडे '४सीपी' असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन घरं आहेत. पडताळणी अडते, किंवा एकाच घराच्या दोन नोंदी तयार होतात. आधार कार्डावरच्या नावातली वेलांटी आणि सातबाऱ्यावरची वेलांटी जुळत नाही म्हणून हेलपाटे घातलेल्यांना हा प्रकार नवीन नाही. फक्त इथे चूक कुणा कारकुनाची नसेल, म्हणून ती दुरुस्त कुठे करायची हेही कळणार नाही.

प्रश्न आज अधिक महत्त्वाचा आहे, कारण टपाल खात्याने 'ध्रुव' या नावाने पत्त्यांची देशव्यापी डिजिटल व्यवस्था मांडली आहे. यूपीआयमध्ये खाते क्रमांकाऐवजी आयडी देतो तसा पत्त्याऐवजी एक छोटं नाव द्यायचं आणि संमती असेल त्यालाच पत्ता दिसावा, अशी ती कल्पना. तिच्या मुळाशी डिजिपिन आहे. पत्ते एका यंत्रणेतून दुसरीकडे जाऊ लागले की आज कडेकडेला राहणारे फरक समोरासमोर येतील.

तीन वाटा

जगात हा पेच आधी सोडवला गेला आहे, पण वेगवेगळ्या रीतीने.

उबर कंपनीने २०१८ मध्ये खुली केलेली 'एच३' ही पद्धत पृथ्वीवर षटकोनांची जाळी टाकते. तिचं गणित किचकट आहे. त्यामुळे गाभा एकदाच सी भाषेत लिहिला गेला आणि जावा, पायथन, गो वगैरे भाषांसाठी त्यावर पातळ आवरणं चढवली गेली. ब्राउझरसाठी तोच सी कोड यंत्राकडून जावास्क्रिप्टमध्ये उतरवून घेतला जातो. गाभ्यातली चूक सुधारली की सगळीकडे सुधारते.

गुगलच्या 'प्लस कोड'ने उलटी वाट धरली. जावा, पायथन, सी, रूबी, रस्ट आणि इतर अनेक भाषांत स्वतंत्र आवृत्त्या आहेत, प्रत्येक त्या भाषेच्या वळणाने लिहिलेली. एकसारखं ठेवलं आहे ते तपासणीचं साहित्य. ठरावीक अक्षांश-रेखांश आणि त्यांची अपेक्षित उत्तरं साध्या तक्त्यांत दिली आहेत, आणि या उत्तरांशी जुळल्याशिवाय आवृत्ती बरोबर मानायची नाही.

तिसरी वाट एनपीसीआयची: बंद डब्यातली लायब्ररी. आत डोकावायचं नाही, बदलायचं नाही, जशी आहे तशी बसवायची. पिनसारख्या गुप्त गोष्टीसाठी हे समजण्यासारखं आहे.

डिजिपिनमध्ये गुप्त असं काही नाही, त्यामुळे तिसरी वाट आपोआप बाद होते. पहिली वाट आकर्षक वाटते, कारण 'एकच कोड' ऐकायला छान लागतं. पण तिचा खर्च नंतर कळतो. सी भाषेतला गाभा प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा बांधावा लागतो. पायथनमध्ये तर एका आवृत्तीसाठी बांधलेलं पॅकेज पुढच्या आवृत्तीत चालेलच असं नसतं. पायथन ३.२पासून यावर उतारा म्हणून एक 'स्थिर' जोडणी उपलब्ध आहे. ती वापरली तर एकदा बांधलेली लायब्ररी पुढच्या आवृत्त्यांतही चालते, पण त्या बदल्यात काही सोयी सोडाव्या लागतात. हा सगळा व्याप सांभाळायला कायमची माणसं लागतात.

डिजिपिनचं मूळ गणित शंभर ओळींतही मावतं. शंभर ओळींसाठी एवढा डोलारा उभारणं म्हणजे चुलीवरच्या भाकरीसाठी गिरणी विकत घेणं. इथे दुसरी वाटच जास्त शहाणपणाची दिसते. पायथनसह इतर भाषांत स्वतंत्र प्रोग्रामरांनी आवृत्त्या लिहिल्याच आहेत. त्या रद्द करून एकच लादण्यापेक्षा त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणं स्वस्त आणि जलद आहे.

माप म्हणजे प्रश्न आणि उत्तरांची एक सामाईक फाइल. दिल्लीच्या डाक भवनाचा डिजिपिन ३९जे-४९एल-एल८टी४ आहे, हे उदाहरण सगळीकडे दिलं जातं आणि २८.६२२७८८, ७७.२१३०३३ या जागेसाठी ते बरोबर येतं. पण ते सोपं उदाहरण आहे. चुकीचा कोडही ते सोडवेल. फाइलमध्ये अवघड जागा हव्यात: बरोबर ७५.८७५ रेखांश, त्याच्या ३० सेंटिमीटर अलीकडची आणि पलीकडची जागा, मोठ्या चौकोनाची चारही टोकं, हद्दीबाहेरचा आकडा, उलटे टाकलेले अक्षांश-रेखांश, लहान लिपीतली अक्षरं, मधल्या आडव्या रेघा नसलेला डिजिपिन, देवनागरी अंक. प्रत्येकासाठी अपेक्षित उत्तर काय, हे खात्याने एकदा ठरवून दिलं की भाषा कोणतीही असो, वाद संपतो. देवनागरी अंक चालतील की नाही हा तर तंत्राचा प्रश्नच नाही, धोरणाचा आहे. तो ग्वाल्हेर किंवा बंगळुरूतल्या एखाद्या प्रोग्रामरच्या सवयीवर सोडणं बरोबर नाही.

फाइलला आवृत्ती क्रमांकही लागेल. २०२२ मध्ये एच३ची चौथी आवृत्ती आली तेव्हा अनेक फंक्शनची नावं बदलली आणि वापरणाऱ्यांना आपापला कोड दुरुस्त करावा लागला. तिथे निदान क्रमांकावरून बदल झाल्याचं समजत तरी होतं.

लायब्ररीने जे सुटणार नाही

गणित शंभर टक्के जुळलं तरी एक अडचण राहतेच. मोकळ्या आभाळाखालीही फोनच्या जीपीएसमध्ये पाचेक मीटरची चूक असते, पत्र्याच्या छपराखाली किंवा दाट झाडीत त्याहून जास्त. चौकोन चार मीटरचा. म्हणजे एकाच उंबऱ्यावर उभं राहून सकाळी काढलेला डिजिपिन आणि संध्याकाळी काढलेला डिजिपिन वेगळा येऊ शकतो, आणि त्यात कोणत्याही प्रोग्रामरचा दोष नसेल.

त्यामुळे डिजिपिन दरवेळी नव्याने काढण्यापेक्षा एकदा काढून, नकाशावर पाहून, नक्की करून तोच जपणं महत्त्वाचं. दोन नोंदी जुळवताना खुणा तंतोतंत जुळतात का हे पाहण्याऐवजी दोन्ही डिजिपिन परत अक्षांश-रेखांशात उलगडून त्यांच्यातलं अंतर मोजावं लागेल. ४सीएम-टी८७-८टी७७ आणि ४सीपी-एलएफजे-एफएलजेजे शेजारी आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, पण अंतर मोजणाऱ्या कोडला लगेच कळतं. हे अंतर मोजण्याचं फंक्शनही मग प्रत्येक भाषेत लागेल, आणि किती मीटरपर्यंत 'तेच घर' मानायचं हा आकडाही त्याच सामाईक फाइलमध्ये लिहावा लागेल.

शेवटी हा क्रमांक फोनवरून सांगताना काय होतं तेही पाहायला हवं. शून्य, एक, ओ, आय अशा डोळ्यांना चकवणाऱ्या खुणा डिजिपिनमधून वगळल्या आहेत. कानाला चकवणाऱ्या राहिल्या आहेत. यात्रेच्या गर्दीत, भोंग्याच्या आवाजात 'पी', 'टी' आणि 'सी' यांतला फरक ऐकू येणं कठीण. चौथ्या फेरीच्या पुढे अशी गल्लत झाली तर जागा काही किलोमीटरांनी किंवा काही मीटरांनी चुकते; पहिल्याच खुणेत झाली तर येरमाळ्याचं पार्सल दुसऱ्या राज्यात नाही तर थेट समुद्रात दाखवलं जाईल. क्रमांकाच्या आत चूक पकडणारा तपासणी अंक नाही. आधार क्रमांकात तसा असतो. डिजिपिनच्या दहाही खुणा जागा दाखवण्यातच खर्च होतात, आणि त्यामुळे ऐकताना झालेली चूक पकडायला गावाचं नाव सोबत सांगणं हाच सध्याचा उपाय आहे.